इन्स्पेक्टर म्हणतो ‘डाग’, वास मात्र बुरशीचा

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही सहा वर्षं न्यू जर्सीत इसेलिनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतोय. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. दोन वर्षांत घर घेण्याच्या सात ऑफर हातच्या गेल्या, आठवी लागली. सॉमरसेट काउंटीत १९७४ सालचं घर, खाली फिनिश्ड बेसमेंट, म्हणजे भिंती-फरशी करून राहण्याजोगं केलेलं तळघर. आई-बाबा उन्हाळ्यात आले की त्यांची झोपायची सोय तिथे, असा बेत आहे.

गेल्या शनिवारी खरेदीआधीचं घराचं इन्स्पेक्शन झालं. अठ्ठेचाळीस पानांचा रिपोर्ट आला. गराजच्या दाराचा सेन्सर, स्वयंपाकघरातला सैल प्लग, सगळं फोटोसकट. एकतिसाव्या पानावर बेसमेंटच्या कोपऱ्याचा फोटो आणि खाली एकच ओळ: ‘भिंतीच्या तळाशी गडद डाग, आमच्या कामाच्या कक्षेबाहेर, तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.’ मी फोन करून इन्स्पेक्टरला विचारलं, हा मोल्ड, म्हणजे बुरशी, आहे का? तर म्हणाला, ‘तो शब्द मी वापरत नाही.’ वर म्हणे, हवं तर आमचीच दुसरी कंपनी हवेचे नमुने घेऊन टेस्ट करते, ४५० डॉलर, आणि काही निघालं तर साफही करून देते.

एजंट म्हणते, न्यू जर्सीत प्रत्येक बेसमेंटला थोडा वास असतोच. सेलर, म्हणजे घर विकणारा, म्हणतो, हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर लावा. ऑफिसातला मित्र म्हणतो, इन्स्पेक्टरला मोल्ड शोधणं सक्तीचं करणारा कायदा येतोय, तोवर थांब. बाबा डोंबिवलीहून म्हणतात, बुरशीच ना, ब्लीचचा बोळा फिरव, आपल्याकडे दर जुलैत कपाटात येते. मुलीला सर्दी झाली की छातीत घरघर होते, डॉक्टरांनी इनहेलर दिलाय.

सेलरला उत्तर द्यायला पाच दिवस उरलेत. एवढे पैसे घेऊन इन्स्पेक्टर मोल्ड का बघत नाही? कायदा आला तर फरक पडेल का? घर घ्यावं की सोडावं?

— बेसमेंटच्या पायरीवर अडकलेला, मध्य न्यू जर्सी

उत्तर

पाच दिवसच आहेत, म्हणून आधी तेवढं बोलते. आजच तुमच्या वकिलाला म्हणजे अ‍ॅटर्नीला ईमेल टाका: बेसमेंटमध्ये ओलीच्या खुणा सापडल्यात, पुढच्या तपासणीसाठी इन्स्पेक्शनची मुदत दहा दिवस वाढवून हवी. लेखीच. एजंटच्या कानावर घातलं म्हणजे काम झालं, असं धरू नका. मुदत मागितली म्हणजे घर सोडलं असं होत नाही, आणि सेलरने मुदत द्यायला नकार दिला तर त्यातूनही तुम्हाला बरंच कळेल. ४५० डॉलरची टेस्ट तूर्त करू नका. का, ते सांगते, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

तुमचा इन्स्पेक्टर लबाड आहे असं मी म्हणणार नाही. (दुसऱ्या कंपनीचं वाक्य सोडून. त्याकडे येतेच.) ‘तो शब्द मी वापरत नाही’ हे या धंद्यात सर्रास ऐकू येतं. घराचं इन्स्पेक्शन म्हणजे डोळ्यांनी केलेली पाहणी. छप्पर, पाया, वायरिंग, प्लंबिंग, घर तापवणारी फर्नेस. भिंत फोडायची नाही, पॅनेल उचकटायचं नाही, सेलरचं कपाट सरकवायचं नाही. पाणी शिरल्याच्या खुणा दिसल्या तर लिहायच्या, एवढं त्याच्या कामात बसतं. त्या ओलीवर काय उगवलंय ते ओळखणं मात्र इन्स्पेक्टरांच्या संघटनांनी आपल्या नियमावल्यांतून बाहेर ठेवलेलं आहे. शिवाय त्याच्या स्वतःच्या व्यवसाय-विम्यातून मोल्डचे दावे बहुधा वगळलेले असतात. म्हणजे तो शब्द कागदावर लिहिला की जबाबदारी अंगावर, आणि पाठीशी विमा नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर तुम्हीही ‘गडद डाग’च लिहिलं असतं.

विमा कंपन्या या शब्दाला एवढ्या बिचकतात त्यामागे टेक्सासमधल्या एका खटल्याचा मोठा हात आहे. ऑस्टिनजवळ ड्रिपिंग स्प्रिंग्ज इथलं एक भलंमोठं घर, पाइपची गळती, दाव्याला विमा कंपनीकडून झालेली दिरंगाई आणि तेवढ्यात घरभर पसरलेली बुरशी. २००१ मध्ये ज्युरीने मालकिणीला ३.२ कोटी डॉलर द्यायला सांगितले. अपिलात तो आकडा चाळीस लाखांच्या आसपास खाली आला, पण ती बातमी कुणाच्या लक्षात राहते! त्यानंतर दाव्यांची रीघ लागली आणि कंपन्यांनी पॉलिसीतून मोल्ड वगळला किंवा त्याला मर्यादा घातली. तुम्ही घ्याल त्या होमओनर्स पॉलिसीतही पाच-दहा हजारांचीच मर्यादा असण्याची शक्यता आहे, आणि पुराचं पाणी तर त्या पॉलिसीत येतच नाही. सही करण्यापूर्वी तेवढं एक कलम वाचा.

आता कायद्याचं. तुमच्या मित्राने ऐकलं ते खोटं नाही, पण नवीनही नाही. मिशिगनचे काँग्रेसमन जॉन कॉन्यर्स यांनी २००२ मध्येच वॉशिंग्टनला विधेयक मांडलं होतं: मोल्डसाठी देशभर एक मानक ठरवा, घरांची तपासणी करा. पुढे त्यांनी ते पुन्हाही मांडलं. मंजूर झालं नाही. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. २००१ च्या कायद्याने तिथल्या आरोग्य खात्याला सांगितलं की घरातल्या हवेत किती बुरशी चालेल त्याची मर्यादा ठरवा. ती मर्यादा आजवर ठरलेली नाही. खात्याने शेवटी सांगून टाकलं की असा आकडा शास्त्राच्या आधाराने काढता येत नाही. दिसणारी बुरशी, पाण्याने खराब झालेला भाग, ओल आणि कुबट वास, यातलं काहीही असेल तर ते घर आरोग्याला बरं नाही. चार खुणा, आणि त्यातल्या एकीलाही प्रयोगशाळा लागत नाही. मग २०१६ पासून तिथे दिसणाऱ्या बुरशीची गणना राहण्यास अयोग्य घराच्या दोषांत होऊ लागली. न्हाणीघरासारख्या, वापरात ओल्या होणाऱ्याच जागांवरची किरकोळ सोडून.

हा आकड्याचा घोळ समजला की बाकीचं सोपं होतं. तुमचं घर १९७४ चं, म्हणजे कॉन्ट्रॅक्टसोबत तुम्हाला शिशाच्या रंगाची माहितीपत्रिका मिळाली असेल आणि त्यावर सही केली असेल. तो १९९२ चा केंद्राचा कायदा आहे. १९७८ पूर्वीच्या घरांना लागू. शिसं रंगात आहे किंवा नाही हे यंत्राने सांगता येतं. रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, त्याचंही तसंच. लिटरभर हवेत ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघालं की उपाय करा, असा आकडा आहे, म्हणून सेलरशी त्यावर भांडता येतं. बुरशीचं तसं नाही. तिचे बीजाणू बाहेरच्या हवेत असतातच. दार उघडलं, कार्पेट झाडलं, पाऊस पडला, की मोजणी बदलते. पंप लावून पाच-दहा मिनिटांत घेतलेला नमुना म्हणजे त्या पाच-दहा मिनिटांचा फोटो. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, हवेतल्या बुरशीची मर्यादाच ठरवलेली नाही. त्यामुळे टेस्टचा रिपोर्ट आला की त्यातला आकडा कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतो. तीच संस्था असंही सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुना घ्यायची गरज नाही. तुमच्याकडे तर एकतिसाव्या पानावर फोटो आहे.

म्हणून इन्स्पेक्टरला मोल्ड शोधायला लावणाऱ्या प्रस्तावांबद्दल मला धाकधूक वाटते. न्यू जर्सीत बुरशी तपासणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. ट्रेंटनला, आपल्या राज्याच्या विधिमंडळात, त्याबद्दलचे मसुदे अधूनमधून येतात आणि समितीत पडून राहतात. व्हर्जिनियाने परवाने सुरू केले आणि २०१२ मध्ये ती व्यवस्थाच काढून टाकली. उद्या ‘इन्स्पेक्टरने मोल्ड शोधलाच पाहिजे’ एवढंच वाक्य कायद्यात आलं, तर मला दिसतं ते असं: प्रत्येक गिऱ्हाइकाच्या बिलात हवेच्या नमुन्याचे चार-पाचशे डॉलर वाढतील, आकड्यांचं एक रंगीत पान रिपोर्टला जोडलं जाईल, आणि पाणी कुठून येतं ते कुणीच सांगणार नाही.

मला कायदा हवा आहे, पण वेगळ्या शब्दांत. इन्स्पेक्टरने ओल मोजावी. पिनांचं छोटं मीटर हार्डवेअरच्या दुकानात चाळीसेक डॉलरला मिळतं. पाणी कुठून येत असावं ते लिहावं. बुरशीसारखं दिसलं तर ‘बुरशीसारखं दिसलं’ असं सरळ लिहावं, आणि तेवढं लिहिल्याबद्दल त्याच्यावर दावा लागू नये. आणि जो तपासेल त्याने त्याच घरात साफसफाईचं काम घेऊ नये. हे शेवटचं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. पलीकडे न्यूयॉर्कमध्ये २०१६ पासून हाच कायदा आहे, फ्लोरिडातही तपासणाऱ्याला बारा महिने त्या घरात सफाईचं काम घेता येत नाही. आपल्या राज्यात बुरशी तपासणाऱ्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही, म्हणून तुमचा इन्स्पेक्टर बिनदिक्कत ‘आमचीच दुसरी कंपनी’ म्हणू शकला. जो तपासणार तोच साफ करणार, त्याला काही सापडलं नाही असं कधी होईल का? त्याला नम्रपणे नाही म्हणा.

आणि कायदा उद्या आला तरी तो तारखेपुढच्या इन्स्पेक्शनना लागू होणार. तुमचं गेल्या शनिवारीच होऊन गेलंय.

आता बाबांच्या ब्लीचबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत, ते डोंबिवलीच्या भिंतीबद्दल सांगतायत. तिकडची भिंत विटांची, वर सिमेंटचा गिलावा. ओल आली की पोपडे सुटतात, लोणा लागतो, कपाटातल्या चपलांना बुरा येतो. ऑक्टोबरचं ऊन लागलं की भिंत सुकते आणि दिवाळीला चुना मारला की पुढच्या जुलैपर्यंत निवांत. इकडची भिंत म्हणजे लाकडी फळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेलं ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला कागद. कागद आणि लाकूड म्हणजे बुरशीचं जेवण. ड्रायवॉलचा खालचा काठ पाण्यात टेकला की टीपकागदासारखं पाणी वर चढतं. पुढून रंग कोरा करकरीत, आणि मागच्या अंधारात कागदावर बुरशी. तिथे ब्लीचचा बोळा पोचतच नाही. पोचला तरी ईपीए ब्लीचला नेहमीचा उपाय मानत नाही, कारण मेलेली बुरशीही ज्याला त्रास होतो त्याला त्रास देते. ती काढून टाकावी लागते. हे बाबांना सांगताना जपून, ब्लीच हा त्यांच्या पिढीचा श्रद्धेचा विषय आहे.

माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी हे का लिहितेय ते कळेल. २००३ मध्ये आम्ही पहिलं घर घेतलं. ऑक्टोबरमध्ये बघितलं, कोरडी हवा. बेसमेंटला चॉकलेटी लाकडी पॅनेल आणि खाली सफरचंद-दालचिनीच्या दोन मेणबत्त्या जळत होत्या. मला वाटलं, मालकीणबाई किती हौशी आहेत. कोपऱ्यात डीह्युमिडिफायर घरघरत होता, त्याचं पाणी नळीने मोरीत सोडलेलं. रिपोर्टात एक ओळ होती: ‘थोडा ओलावा, लक्ष ठेवा.’ आम्ही लक्ष ठेवलं! एप्रिलमध्ये तीन दिवस पाऊस झाला आणि पॅनेलच्या खालून पाण्याची रेघ आली. नवऱ्याने एक फळी उचकटली. मागचं लाकूड तव्याच्या बुडासारखं काळं, आणि वास, पावसाळ्यात विसरलेल्या ओल्या गोणपाटाचा. बाहेर शोधलं तर छपराच्या पन्हाळीचा पाइप पायाला लागूनच सुटत होता. पाइपला पाच फुटांची जोड द्यायला वीस डॉलर लागले. आतलं सगळं काढून नव्याने करायला अकरा हजार. नवरा अजून मला दालचिनीवरून टोमणे मारतो.

पुढे मी बारा वर्षं एका टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बांधकाम खात्यात परवान्यांच्या फायली सांभाळल्या आणि तिथे येणाऱ्या जुन्या कंत्राटदारांकडून घर वाचायला शिकले. मुदत वाढली की तुम्ही पुन्हा तासभर घर बघायला मागा आणि टॉर्च घेऊन जा.

आधी बाहेरून एक फेरी मारा. पन्हाळी तुंबल्यात का, पाइप पाणी कुठे सोडतात, अंगण घराकडे उतरतंय की घरापासून दूर. पायापासून दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरायला हवी. बेसमेंटच्या खिडक्यांपुढच्या खळग्यांत पानं कुजलीयत का बघा. ओलीचं कारण पुष्कळदा इथेच सापडतं, आणि ते स्वस्तातलं असतं.

मग खाली. वॉटर हीटर आणि फर्नेसच्या पायांना गंज आहे का? त्यांच्याभोवती काँक्रीटवर पाण्याची आडवी रेघ? उघड्या काँक्रीटवर पांढरं, मिठासारखं काही चिकटलंय का? तोच आपला लोणा. पाणी भिंतीतून आत येऊन वाळतं आणि क्षार मागे ठेवतं. सेलरची खोकी जमिनीवर आहेत की सगळी प्लास्टिकच्या डब्यांत आणि विटांवर? अनुभवी बेसमेंटवाला कार्डबोर्ड जमिनीवर ठेवत नाही. जिन्याखालच्या कपाटात कार्पेटचा कोपरा विचारून उचला. कडेच्या खिळ्यांच्या पट्टीचं लाकूड काळं आणि खिळे तांबडे असतील तर ते कार्पेट भिजलेलं आहे, मग वरून शॅम्पूचा कितीही वास येवो.

आणि भिंतीवर टॉर्च आडवा धरा. रंगाची चकाकी एका उंचीवर बदलते का? ठोकून बघा. ड्रायवॉलचा तक्ता चार फुटी असतो, त्यामुळे चार फुटांवरचा सांधा नेहमीचा असू शकतो. दोन फुटांवर खोलीभर आडवा सांधा दिसला तर समजा की कधीतरी खालचे दोन फूट कापून नवे बसवलेत. तसं पूर आल्यावर करतात. त्यात वाईट काही नाही, उलट योग्य काम आहे, फक्त ते तुम्हाला सांगितलं गेलंय का हा प्रश्न.

माळ्यावरही डोकं घालून या. न्हाणीघराचा पंखा वाफ छपराबाहेर सोडतो की माळ्यावरच? माळ्यावर सोडत असेल तर उत्तरेकडच्या फळ्या काळ्या झालेल्या सापडतील. सगळे बेसमेंटकडे बघतात आणि माळा राहून जातो.

सॉमरसेट काउंटी म्हणालात, म्हणून आणखी एक. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र, आयडा वादळाचं शेपूट. रॅरिटन नदीने मॅनव्हिल आणि बाउंड ब्रुकला काय केलं ते तुम्ही इसेलिनला बसून टीव्हीवर बघितलं असेल. नदीपासून दूरच्या घरांतही त्या रात्री बेसमेंटमध्ये पाणी आलं होतं. शेजारच्या आजोबांना हाय-हॅलो करा आणि सरळ विचारा, आयडाच्या रात्री तुमच्याकडे किती पाणी होतं? शेजारी खरं सांगतात, त्यांना काही विकायचं नसतं.

कागदांत बघण्यासारखं बरंच आहे. न्यू जर्सीत ऑगस्ट २०२४ पासून सेलरने घराच्या स्थितीचं निवेदन भरून देणं सक्तीचं झालंय. त्यात बेसमेंटमधली गळती आणि ओल विचारलेली आहे, मोल्डबद्दल स्वतंत्र प्रश्न आहे, पुराबद्दलही आहेत. लोक इन्स्पेक्टरसाठी कायदा यायची वाट बघतात आणि सेलरवर असलेल्या कायद्याचा कागद न वाचता फाइलला लावतात. तुमच्याकडचा काढा. मोल्डपुढे ‘नाही’ अशी खूण आणि रिपोर्टात एकतिसावं पान, हे दोन कागद अ‍ॅटर्नीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की बोलणी वेगळी होतात. सेलरकडे ‘क्लू रिपोर्ट’ मागा. त्यात घराच्या विमा दाव्यांचा सात वर्षांपर्यंतचा इतिहास असतो. तो मालकालाच काढता येतो, तुम्हाला नाही. आणि टाउनशिपमध्ये ओप्रा, म्हणजे सरकारी कागद मागवायच्या, कायद्याखाली अर्ज टाकून त्या पत्त्यावरचे सगळे बांधकाम परवाने मागवा. कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, म्हणून आजच. बेसमेंट फिनिश करायचा परवानाच नसेल तर त्या भिंतींमागे काय आहे हे कुणीच कधी तपासलेलं नाही. जाता जाता, आई-बाबांना तिथे झोपवायचं तर त्या खोलीला आगीत बाहेर पडता येईल एवढी खिडकी लागते. ती आहे का?

मुलीबद्दल. इथे दोन टोकं टाळायची. ‘काळी बुरशी’ म्हणून इंटरनेटवर जी भीती घालतात, तिचं मूळ क्लीव्हलंडमध्ये १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांत झालेल्या रक्तस्रावात आहे. सीडीसीने, केंद्राच्या रोगनियंत्रण संस्थेने, २००० मध्ये तो अभ्यास पुन्हा तपासला आणि बुरशीशी संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. तेव्हा बुरशी काळी की हिरवी यावर रात्री जागू नका. पण दुसरं टोकही खरं नाही. २००४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा ओल आणि बुरशीचा खोकला, घरघर आणि दमेकऱ्यांचा दमा बळावण्याशी संबंध पुरेशा पुराव्याने दिसतो, असं म्हटलं. तुमच्या मुलीची घरघर नेमकी त्याच ओळीत बसते. तिच्या डॉक्टरांना एकतिसाव्या पानाचा फोटो दाखवा आणि विचारा. आणि पाहणीला तिला नेऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

घर घ्यावं का? ते कारणावर अवलंबून आहे. डाग एका कोपऱ्यात, दहा चौरस फुटांच्या आत, म्हणजे अंदाजे तीन फूट बाय तीन फूट, आणि कारण बाहेरची पन्हाळ, तर घाबरून पळण्यासारखं काही नाही. सेलरकडून क्रेडिट, म्हणजे किमतीत सूट, घ्या आणि क्लोझिंगनंतर, म्हणजे घर नावावर झाल्यावर, काम स्वतः करवून घ्या. सेलरने केलेली सफाई म्हणजे बहुतेकदा रंगाचा एक हात. आधी पाणी बंद, मग खराब ड्रायवॉल कापून बाहेर, मग लाकूड घासून सुकवणं, मग नवं. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. घरात आल्यावर दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक खाली टांगा. तो साठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तीस ते पन्नासमध्ये राहिला तर उत्तम. आणि कधी काही सांडलं, फुटलं, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सुकवायचं.

कारण जमिनीखालचं पाणी असेल, तर आतून चर खणून पाइप आणि साठलेलं पाणी बाहेर फेकणारा सम्प पंप बसवावा लागेल. तो हजारांतला खर्च आहे, कधी दहा हजारांच्या वरचा. तेव्हा सफाईवाल्याकडून नाही, तर सफाई न करणाऱ्या एखाद्या इंजिनिअरकडून कारण लिहून घ्या आणि किंमत त्याप्रमाणे मागा. मुदत वाढवून घेतल्यावर सेलरला एवढंच विचारा: डागाच्या जागी बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, काढून हातभर ड्रायवॉल कापून बघू का? दुरुस्तीचा खर्च आमचा. हो म्हणाला तर बघा आणि ठरवा. नाही म्हणाला तर, मी तुमच्या जागी असते तर, कॉन्ट्रॅक्टमधल्या इन्स्पेक्शनच्या अटीवर डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडले असते. सात ऑफर गेल्याचं दुःख मला कळतं. पण चार वर्षांच्या मुलीची घरघर घेऊन आठवीसाठी एवढी घाई नको.

दुसऱ्या पाहणीची वेळ ठरवताना हवामान बघा आणि पावसाचा दिवस निवडा. सेलरला सांगा, आदल्या रात्रीपासून डीह्युमिडिफायर बंद ठेवा आणि मेणबत्त्या लावू नका. बूट पायरीवर काढा आणि नुसत्या मोज्यांनी त्या कोपऱ्यापर्यंत चाला. दोन मिनिटं उभे राहा. मोजे दमट लागले तर अ‍ॅटर्नीला फोन करायला वर या, बेसमेंटमध्ये रेंज नसते.